मेंदूचं गणित, यंत्राच्या पदरी

१९४३ साली निकोलस राशेव्हस्की यांच्या 'बुलेटिन ऑफ मॅथेमॅटिकल बायोफिजिक्स' या नियतकालिकात एक लेख छापून आला. विषय मेंदूचा होता, पण त्यात ना कुठल्या प्राण्याचं विच्छेदन होतं, ना प्रयोगशाळेतलं एखादं मोजमाप. शेवटी संदर्भ म्हणून तीनच पुस्तकं दिली होती आणि तिन्ही तर्कशास्त्राची: एक कार्नाप यांचं, एक हिल्बर्ट आणि आकरमान यांचं आणि तिसरं व्हाइटहेड-रसेल यांचं 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'. लेखक दोन. वॉरन मॅकलक हे पंचेचाळिशीला आलेले, चेतासंस्थेवर काम करणारे डॉक्टर. दुसरा वॉल्टर पिट्स, वय वर्षं वीस, आणि नावापुढे लावायला एकही पदवी नाही.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मुलं ज्याला 'टीओसी' (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) म्हणतात त्या विषयाचा पहिला धडा, म्हणजे फायनाइट ऑटोमेटा, या लेखातून उगवला. वर्गात तो धडा गोल आणि बाण काढून सुरू होतो, आणि महिनाभरात मुलं डीएफए, एनएफए, रेग्युलर एक्स्प्रेशन हे शब्द सराईतपणे वापरू लागतात. हे गोल मुळात चेतापेशी होते, हे मात्र बहुतेकांच्या कानावरही येत नाही. ते यायला हवं. मेंदूचं वर्णन म्हणून मांडलेलं हे गणित मेंदूच्या बाबतीत तोकडं पडलं, आणि तरीही आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकात ते चालू आहे. त्याचं बळ एका साध्या कबुलीत आहे: यंत्राच्या लक्षात राहू शकतं ते मोजकंच. ही कबुली पाळली गेली तेव्हा काय हाती लागलं आणि सोडली गेली तेव्हा काय झालं, याचा हा पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

पिट्सचा जन्म १९२३चा, डेट्रॉइटचा. घरात पुस्तकांना किंमत नव्हती. बारा वर्षांचा असताना मारकुट्या पोरांपासून लपायला तो सार्वजनिक वाचनालयात शिरला, तिथे त्याला 'प्रिन्सिपिया' सापडलं, तीन दिवसांत त्यानं ते वाचून काढलं आणि पहिल्या खंडातल्या काही शंका कळवणारं पत्र थेट बर्ट्रांड रसेल यांना धाडलं, अशी हकिकत त्याचे मित्र पुढे सांगत आले. पंधराव्या वर्षी त्यानं घर सोडलं आणि शिकागो गाठलं. रसेल तेव्हा तिथे व्याख्यानं द्यायला आले होते. प्रवेश न घेताच तो विद्यापीठातल्या वर्गांना बसू लागला. एक दिवस तो रुडॉल्फ कार्नाप यांच्या खोलीत गेला तो त्यांच्याच पुस्तकाच्या समासात स्वतःचे आक्षेप लिहून. तिथेच त्याला जेरोम लेटव्हिन हा वैद्यकीकडे निघालेला मित्र भेटला, आणि लेटव्हिनमुळे मॅकलक.

मॅकलक १९४१ साली येलहून शिकागोला आले होते. चेतापेशी एक तर पेटते, नाही तर गप्प राहते, अर्धवट पेटणं तिला माहीत नाही, ही गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं खुणावत होती. पेटणं म्हणजे 'खरं', गप्प राहणं म्हणजे 'खोटं' असं धरलं तर चेतापेशींचं जाळं म्हणजे तर्कशास्त्रातली विधानंच होतात. पण जाळ्यात वेटोळं आलं, म्हणजे एका पेशीचा निरोप फिरून पुन्हा तिच्याचकडे आला, की त्यांचं गणित अडकायचं. नेमकं तिथलं गणित पिट्सला येत होतं. मॅकलक यांनी या बेघर मुलाला आणि लेटव्हिनला आपल्या घरी राहायला आणलं. रात्री मॅकलक यांची मुलं झोपली की ते आणि पिट्स कामाला बसायचे.

लेखातलं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. थंडगार वस्तू त्वचेला क्षणभर टेकवून लगेच उचलली, तर गंमत अशी की चटका बसल्यासारखं ऊन लागतं. तीच वस्तू थोडी जास्त वेळ धरली तर थंडच लागते. दोघांनी या भासासाठी मोजक्या पेशींचं एक जाळं काढून दाखवलं. एक ग्राहक पेशी उष्णतेची, एक थंडीची. थंडीचा निरोप लागोपाठ दोन क्षण आला तर 'थंड' सांगणारी पेशी पेटते. एक क्षण आला आणि पुढच्या क्षणी थांबला तर तो आडवाटेनं 'ऊन' सांगणाऱ्या पेशीकडे जातो. या जाळ्याला आधीचा क्षण 'लक्षात' राहतो तो केवळ निरोप पोचायला लागणाऱ्या विलंबामुळे. वेटोळी असतील तर जाळं त्याहून जुनी गोष्टही धरून ठेवू शकतं. मात्र पेशी मोजक्या, म्हणून एकूण स्थितीही मोजक्याच. दहा पेशी असतील तर कोण पेटलंय आणि कोण गप्प आहे याचे एकंदर १०२४ प्रकार होतात, त्यापलीकडे एकही नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली जे यंत्र कल्पिलं होतं त्याला न संपणारी फीत होती. आपल्या जाळ्याला तशी फीत जोडली तर ते ट्युरिंग यंत्राइतकंच काम करेल, असंही दोघांनी लिहून ठेवलं आहे. फीत काढून घेतली की मागे उरतं ते फायनाइट ऑटोमेटन.

लेख वाचायला अवघड होता. जीवशास्त्रज्ञांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. जॉन फॉन नॉयमान यांनी मात्र दिलं. १९४५ सालच्या जूनमध्ये त्यांनी 'एडव्हॅक' या संगणकाचा जो आराखडा लिहिला, त्यात इतरांच्या प्रकाशित लेखनापैकी उल्लेख आहे तो याच एका लेखाचा. यंत्राचे घटक कसे असावेत हे सांगायला त्यांनी निर्वात नळ्यांचे तपशील बाजूला ठेवले आणि मॅकलक-पिट्स यांच्या आदर्श चेतापेशी घेतल्या.

पुढचं पाऊल पडलं ते समुद्रकाठी, कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे. १९५१च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टीफन कोल क्लेनी तिथल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये कामाला आले. प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली होती आणि 'यंत्राला काय काढता येतं' या प्रश्नाचा पाया घालणाऱ्यांत ते होते. उन्हाळ्यात त्यांच्यापुढे आला तो मॅकलक-पिट्स यांचा लेख. वेटोळ्यांच्या जाळ्यांचा त्यातला भाग त्यांना इतका दुर्बोध वाटला की त्यांनी तो सोडून दिला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून स्वतः मांडलं.

त्यांचा प्रश्न सरळ होता. जाळ्याकडे क्षणाक्षणाला निरोप येत राहतात. आजवर आलेल्या निरोपांच्या कोणकोणत्या माळा असं जाळं ओळखू शकतं? उत्तरासाठी त्यांना तीनच क्रिया पुरल्या. 'हे किंवा ते', 'हे आणि मग ते', आणि 'हे पुन्हा पुन्हा, हवं तितक्या वेळा'. तिसऱ्या क्रियेसाठी त्यांनी तारा काढला, आणि तोच तारा आज मुलांच्या वहीत आणि कीबोर्डवर आहे. या तीन क्रियांनी जे जे लिहिता येतं ते सगळं मोजक्या स्थितींचं यंत्र ओळखतं, आणि असं यंत्र जे जे ओळखतं ते सगळं या तीन क्रियांनी लिहिता येतं. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. वर्गात हा सिद्धांत परीक्षेत येणाऱ्या रूपांतराच्या गणितापुरता उरतो, पण त्याचा अर्थ मोठा आहे: यंत्राच्या पोटात काय चाललंय आणि माणसाला कागदावर काय लिहिता येतं, या दोन गोष्टींमध्ये पूल बांधला गेला. अशा माळांना क्लेनी यांनी 'रेग्युलर' म्हटलं आणि याहून चांगलं नाव कुणाला सुचलं तर जरूर कळवा, अशी विनंतीही केली. कुणी कळवलं नाही.

रँडचा हा अहवाल १९५१च्या डिसेंबरमधला. तो पुस्तकात आला १९५६ साली, प्रिन्स्टनच्या 'ऑटोमेटा स्टडीज' या संग्रहात. संपादक क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी. मॅकार्थी यांची निराशा झाली, कारण विचार करणाऱ्या यंत्रांवर लेख येतील ही त्यांची अपेक्षा होती आणि आले ते बहुतेक ऑटोमेटाच्या गणितावर. म्हणून पुढच्या खेपेला, डार्टमथच्या १९५६च्या बैठकीसाठी, त्यांनी संदिग्धता उरू नये असं नाव मुद्दाम योजलं: आर्टिफिशियल इंटेलिजन्स. मॅकलक-पिट्स यांच्या एकाच लेखातून निघालेल्या दोन वाटा इथे वेगळ्या झाल्या. एक न्यूरल नेटवर्ककडे गेली आणि तिचा बोलबाला आज घराघरांत आहे. दुसरी शांतपणे गणिताकडे गेली. याच सुमारास बेल लॅबमधले जॉर्ज मीली आणि एडवर्ड मूर, आणि त्यांच्या आधी डेव्हिड हफमन, टेलिफोन आणि संगणकांच्या सर्किटांसाठी जवळपास अशीच यंत्रं स्वतंत्रपणे मांडत होते.

पिट्स यांचं पुढचं आयुष्य वाचताना मन विषण्ण होतं. ते एमआयटीत गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याकडे गेले. वीनर यांनी त्यांना मुलासारखं मानलं. १९५२ साली मॅकलकही तिथे आले आणि सगळी जुनी मंडळी एकत्र आली, तोच वीनर यांनी या सर्वांशी अचानक संबंध तोडले. पिट्स त्यातून सावरले नाहीत. प्रबंधाचे कागद त्यांनी जाळून टाकले. १९५९ साली लेटव्हिन, माटुराना, मॅकलक आणि पिट्स यांचा बेडकाच्या डोळ्यावरचा गाजलेला लेख आला. बेडकाचा डोळा मेंदूकडे प्रकाशाचे ठिपके पाठवत नाही, लहान हलत्या गोष्टीसारख्या आधीच निवडलेल्या खुणा पाठवतो, असं त्यात दिसलं. डोळ्यातच इतकं काम होत असेल, तर स्वच्छ तर्कशास्त्रानं चालणाऱ्या मेंदूचं चित्र अपुरं ठरत होतं. पिट्स यांचा विश्वास त्यानं आणखी ढासळला, असं लेटव्हिन सांगत. १४ मे १९६९ रोजी पिट्स गेले. चार महिन्यांनी मॅकलक.

त्याआधीच, १९५७च्या उन्हाळ्यात, त्यांचं गणित दोन तरुणांच्या हाती पडलं होतं. मायकेल रेबिन ब्रेस्लाऊला जन्मलेले, लहानपणीच घरच्यांबरोबर हैफाला आलेले. डेना स्कॉट कॅलिफोर्नियाचे. दोघेही चर्च यांचे विद्यार्थी, आणि उन्हाळ्यापुरते आयबीएमच्या संशोधन विभागात आलेले. वाट्टेल तो विषय घ्या, अशी मोकळीक त्यांना होती. ट्युरिंग यंत्र प्रत्यक्षातल्या संगणकापेक्षा फारच उदार आहे असं त्यांना वाटत होतं. खऱ्या यंत्राची स्मृती संपते. मग संपणाऱ्या स्मृतीचंच गणित नीट का मांडू नये? १९५९च्या एप्रिलमध्ये आयबीएमच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. याच कामासाठी १९७६ साली दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यांनी एक अजब यंत्र मांडलं. साध्या यंत्राला एका स्थितीत एक अक्षर दिलं की पुढची स्थिती ठरलेली असते. यांच्या यंत्राला एकाच वेळी अनेक वाटा मोकळ्या असतात, आणि त्यातली एक जरी यशाला पोचली तरी माळ स्वीकारली जाते. हेच एनएफए. इथे कित्येक विद्यार्थी अडखळतात, कारण 'यंत्र अंदाज बांधतं' हे ऐकायला जादूसारखं वाटतं. त्यात जादू काहीच नाही, हे एका उदाहरणानं दिसेल.

० आणि १ यांच्या माळेत शेवटून तिसरं अक्षर १ आहे का, हे सांगायचं आहे. माळ कधी संपणार ते यंत्राला आधी ठाऊक नाही. चार घरं घ्या: क, ख, ग, घ. क या घरात काहीही आलं तरी तिथेच राहता येतं. १ आला तर शिवाय ख मध्येही जाता येतं, म्हणजे 'हाच तो शेवटून तिसरा' असं मानता येतं. ख मधून कुठल्याही अक्षरावर ग, ग मधून घ, आणि घ मधून पुढे वाटच नाही. घ हे यशाचं घर. आता सारीपाटावर सोंगट्या असाव्यात तशी प्रत्येक शक्यतेसाठी एक सोंगटी ठेवा, फक्त एका घरात दोन सोंगट्या आल्या तर एकच उरू द्या. माळ आहे १०१००. सुरुवातीला सोंगटी क वर. १ वाचला: क, ख. ० वाचला: क, ग. १ वाचला: क, ख, घ. ० वाचला: ख वरची ग वर गेली, घ वरची बाद झाली, उरल्या क, ग. शेवटचा ० वाचला: क, घ. घ वर सोंगटी आहे, म्हणून माळ मान्य. कुठेही मागे फिरावं लागलं नाही आणि प्रत्येक अक्षर एकदाच वाचलं गेलं.

रेबिन आणि स्कॉट यांनी सांगितलं की सोंगट्यांच्या प्रत्येक मांडणीलाच एक स्थिती माना. मांडण्याही मोजक्याच असतात, म्हणून अनेक वाटांचं कुठलंही यंत्र एका वाटेच्या यंत्रात उतरवता येतं. अंदाज बांधण्यानं बळ वाढत नाही. पण आकार वाढतो. वरच्या उदाहरणात चार घरांचं काम करायला एका वाटेच्या यंत्राला आठ स्थिती लागतात. शेवटून विसावं अक्षर विचारलं तर एकवीस घरांच्या जागी १०,४८,५७६ स्थिती, आणि त्याहून कमीत भागतच नाही. नॉनडिटर्मिनिझम नावाची ही कल्पना पुढे पी आणि एनपी यांच्या प्रश्नापर्यंत जाऊन पोचली. तिथे वेळेचा हिशेब येतो आणि अंदाजानं बळ वाढतं की नाही, हे आजही सुटलेलं नाही. फायनाइट ऑटोमेटामध्ये मात्र तो निकाल १९५९ सालीच लागला.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि या सगळ्या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच असावी. ट्युरिंग यंत्राबद्दल साधा प्रश्न विचारला, हे कधी काही मान्य करेल का, तरी सर्वसाधारण उत्तर काढायची रीतच अस्तित्वात नाही. फायनाइट ऑटोमेटनबद्दल ती आहे. यंत्राला पन्नास स्थिती असतील आणि ते एखादी तरी माळ मान्य करत असेल, तर पन्नासपेक्षा कमी अक्षरांची एखादी माळ त्याला मान्य असलीच पाहिजे. तेवढ्या माळा तपासल्या की प्रश्न संपला. दोन यंत्रं एकच काम करतात का, हेही असंच ठरवता येतं. स्मृतीला मर्यादा घातली आणि त्या बदल्यात यंत्राविषयी सगळं जाणून घेण्याचा हक्क मिळाला.

मर्यादेची दुसरी बाजू त्याच वर्षांत नोम चॉम्स्की यांनी दाखवली. सप्टेंबर १९५६मध्ये एमआयटीतल्या परिसंवादात त्यांनी भाषेच्या वर्णनाच्या तीन पद्धती मांडल्या आणि पहिली, म्हणजे मोजक्या स्थितींची, इंग्रजीला पुरत नाही असं म्हटलं. 'जर'ला 'तर' हवा, आणि त्या दोघांच्या मध्ये दुसरं 'जर-तर' बसतं, त्याच्या पोटात तिसरं. आत किती शिरायचं याला व्याकरणाची मर्यादा नाही. गणितात हेच अधिक उघडं होतं. आधी काही 'अ' आणि मग तितकेच 'ब', एवढंच ओळखायचं असलं तरी पाच स्थितींचं यंत्र हरतं. शून्य ते पाच 'अ' वाचल्यानंतरचे सहा प्रसंग आणि स्थिती पाचच, म्हणजे कोणते तरी दोन प्रसंग एकाच स्थितीत येऊन पडणार आणि यंत्राला त्यातला फरक कळणार नाही. पाचाच्या जागी पाच लाख घ्या, गत तीच.

आता १९६८. केन थॉम्पसन बेल लॅबमध्ये दोन वर्षांपूर्वी रुजू झालेला पंचविशीतला अभियंता. बर्कलीत बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी 'क्यूईडी' नावाचा संपादक लिहिला होता, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम. थॉम्पसननं तो एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीसाठी आयबीएम ७०९४ या यंत्रावर नव्यानं लिहिला आणि त्यात क्लेनींची तारावाली भाषा घातली. तोवर ती भाषा निबंधांत होती. आता टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसलेला माणूस ती वापरून फायलीतला शब्द शोधू लागला. जूनच्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये त्यानं चार पानांत रीत सांगितली. सूत्र दिलं की त्यातून त्याच क्षणी ७०९४चा मशीन कोड तयार व्हायचा, आणि तो कोड चालायचा तो सोंगट्यांच्या रीतीनं: सगळ्या शक्यता एकदम पुढे न्यायच्या, मागे कधी यायचं नाही. लाखो स्थितींचं यंत्र आधी बांधून ठेवायची गरजच उरली नाही. मेंदूसाठी आखलेल्या जाळ्याला इथे खरी नोकरी लागली.

पुढे युनिक्स आलं. त्यातला 'एड' हा लहान संपादक, आणि त्याच्यात 'किंवा'चं चिन्ह गाळलेली सुटसुटीत भाषा. एका दुपारी बेल लॅबमधल्याच डग मॅकिलरॉय यांनी थॉम्पसनला विचारलं, एडमधला ओळखण्याचा भाग काढून त्याचा वेगळा प्रोग्राम होईल का? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना टपालात चिठ्ठी मिळाली: 'ग्रेप' तयार आहे. 'सगळीकडे हे सूत्र शोध आणि ओळ छाप' या एडमधल्या आज्ञेच्या अक्षरांवरून ते नाव पडलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात आल्फ्रेड एहो यांनी 'किंवा'सकट पूर्ण भाषा घेऊन 'ईग्रेप' लिहिलं, रेबिन-स्कॉट यांच्या वाटेनं. १९७५ साली माइक लेस्क आणि उन्हाळ्यापुरता आलेला विद्यार्थी एरिक श्मिट, जे पुढे गुगलचे प्रमुख झाले, यांनी 'लेक्स' केलं. सूत्रांची यादी द्या, कंपायलरचा पहिला टप्पा तयार. एहो आणि उलमन यांच्या ड्रॅगनच्या चित्राच्या पुस्तकातून हे ज्ञान भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही पोचलं, आणि हॉपक्रॉफ्ट-उलमन यांच्या पुस्तकातून त्यामागचा सिद्धांत.

यानंतर मात्र वाट घसरली. ऐंशीच्या दशकात हेन्री स्पेन्सर यांनी मुक्तपणे वाटलेला कोड आणि १९८७ साली आलेली लॅरी वॉल यांची पर्ल भाषा यांच्यामुळे रेग्युलर एक्स्प्रेशन घराघरांत गेलं. पण या कोडची चाल वेगळी होती. एक वाट धरायची, फसली तर मागे यायचं, दुसरी धरायची. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. त्यातून सोयीही मिळतात. आधी जे सापडलं तेच पुन्हा यावं, असं सूत्रात लिहिता येतं. हळूहळू, मधूनमधून, पुन्हापुन्हा असे दुहेरी शब्द एका सूत्रात पकडता येतात ते यामुळेच. क्लेनींच्या तीन क्रियांनी ते जमत नाही, कारण पहिला शब्द हवा तितका लांब असू शकतो आणि तो जसाच्या तसा लक्षात ठेवायला मोजक्या स्थिती पुरत नाहीत. नाव रेग्युलरच राहिलं, पण मर्यादेची ती कबुली सुटली आणि तिच्याबरोबर मिळालेला भरवसाही गेला.

किती गेला, हे रस कॉक्स यांनी जानेवारी २००७मध्ये एका निबंधात आकड्यांनी दाखवलं. 'असला तर अ' असं २९ वेळा, आणि मग नुसता 'अ' २९ वेळा, असं सूत्र घ्या आणि २९ 'अ'ची माळ त्याला दाखवा. पर्लला साठ सेकंदांहून जास्त वेळ लागला. थॉम्पसनच्या १९६८च्या रीतीला वीस मायक्रोसेकंद. मागे फिरणाऱ्या यंत्रापुढे दोनाच्या एकोणतिसाव्या घाताइतक्या वाटा असतात. सोंगट्यांच्या यंत्रात सोंगट्या घरांपेक्षा जास्त होऊच शकत नाहीत.

हा केवळ परीक्षेतला आकडा नव्हता. २० जुलै २०१६ रोजी 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे जगभरच्या प्रोग्रामरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. ओळीच्या टोकाची मोकळी जागा छाटायचं एक निरुपद्रवी सूत्र, आणि समोर आली ती सुमारे २०,००० मोकळ्या जागांची सलग माळ, जी ओळीच्या टोकाला नव्हती. यंत्र पहिल्या जागेपासून वीस हजार पावलं चालून हरलं, मग दुसऱ्या जागेपासून एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव, मग तिसऱ्या. बेरीज करा, जवळपास वीस कोटी पावलं होतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीनं घुसखोरी रोखण्यासाठी एक नवा नियम जगभर लागू केला. नियमातल्या सूत्रात 'काहीही, हवं तितकं' हे एकामागोमाग एक आलं होतं. सगळीकडचे प्रोसेसर शंभर टक्के भरले आणि २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं बंद राहिली. कंपनीनं नंतर जाहीर केलेला अहवाल टीओसी शिकणाऱ्या प्रत्येकानं वाचावा. त्यात बॅकट्रॅकिंगची एकेक पायरी उलगडून सांगितली आहे, यावरचा उपाय १९६८ पासून ठाऊक आहे असं स्पष्ट लिहून थॉम्पसनच्या लेखाचं नाव दिलं आहे, आणि वेळेची हमी देणाऱ्या इंजिनांकडे वळण्याचा निर्णय नोंदवला आहे. त्यातलं एक आरई२, म्हणजे कॉक्स यांनीच गुगलमध्ये लिहून २०१० साली खुलं केलेलं. दुसरं रस्ट भाषेतलं. दुहेरी शब्द पकडायची सोय दोघांनीही सोडून दिली आहे.

क्लेनींच्या ताऱ्यानं गणितज्ञांची पाठ अजून सोडलेली नाही. लॉरेन्स एगन यांनी १९६३ साली विचारलं होतं की एका सूत्रात ताऱ्याच्या पोटात तारा किती खोल जावा लागतो. दिलेल्या भाषेपुरतं ते ठरवायची रीत कोसाबुरो हाशिगुची यांनी १९८८ साली शोधली. पण सूत्रात 'हे सोडून बाकी सगळं' अशी चौथी क्रिया वापरायला मुभा दिली, तर ताऱ्याच्या पोटात आणखी एक तारा लागेलच अशी एक तरी रेग्युलर भाषा आहे का? असं उदाहरण आजवर कुणी दाखवलेलं नाही, आणि ते नसतंच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. प्रश्न समजून घ्यायला टीओसीचा पहिला महिना पुरतो.